जी मालिका आलीच नाही : पर्सिस खंबाटा

एखादी नवी मालिका येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी आपल्यातले कितीतरी जण कामाला लागतात. कलाकार कोण, कथा कुठून घेतली, पहिली झलक कधी, सगळं शोधून काढायचं आणि मग महिने मोजत बसायचं. त्यातून मालिका विज्ञानकथेची असेल तर विचारायलाच नको. एक अख्खं नवं जग येणार असतं, आणि ते कसं असेल याचे अंदाज बांधण्यात त्या जगाइतकीच मजा असते. मधेच बातमी येते की काम सुरू आहे, आणि आपण खुश होतो.

पण काम सुरू आहे या तीन शब्दांच्या आत माणसं असतात. त्यांनी करारावर सह्या केलेल्या असतात, शहरं बदललेली असतात, दुसरी कामं नाकारलेली असतात. आपण बाहेरून वाट पाहतो, ती माणसं आतून पाहतात. मालिका आलीच नाही तर आपण चार दिवस हळहळतो आणि दुसऱ्या कशाची तरी वाट बघायला लागतो. आत बसलेल्यांचं तसं नसतं.

अशाच एका आत बसलेल्या बाईची ही गोष्ट. ती आपल्या मुंबईची होती, आणि तिचं नाव पर्सिस खंबाटा.

पर्सिसचा जन्म २ ऑक्टोबर १९४८ चा. मध्यमवर्गीय पारशी घर. ती दोन वर्षांची असतानाच वडील घर सोडून गेले. वय वर्षं तेरा असताना मुंबईतल्या एका नावाजलेल्या छायाचित्रकारानं तिचे सहज म्हणून काही फोटो काढले, आणि ते एका खपाऊ साबणाच्या जाहिरातीत वापरले गेले. तिथून ती मॉडेल झाली. आज हा शब्द आपण अगदी सहज वापरतो, पण साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे काम करणाऱ्या मुली मुंबईतसुद्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील.

१९६५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती फेमिना मिस इंडिया झाली. त्याच वर्षी अमेरिकेत मायामी बीचला भरलेल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिनं भारताचं प्रतिनिधित्व केलं. परत आल्यावर एअर इंडिया, रेव्हलॉन, गार्डन वरेली अशा मोठ्या नावांसाठी तिनं काम केलं. मग सिनेमा. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'बम्बई रात की बाहों में' या चित्रपटात तिनं कॅबरे गाणाऱ्या लिलीची भूमिका केली. हिंदी सिनेमात त्या काळी असा चेहरा आणि अशी चाल असलेल्या मुलीला अशाच भूमिका मिळायच्या. कॅबरे करायचा, नायकाला भुलवायचं आणि शेवटच्या रिळाच्या आत बाजूला व्हायचं. पर्सिसला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. ती लंडनला गेली, तिथं मॉडेलिंग केलं, आणि १९७५ मध्ये दोन इंग्रजी चित्रपटांत दिसली, 'कंडक्ट अनबिकमिंग' आणि 'द विल्बी कॉन्स्पिरसी'. दुसऱ्यात तिच्याबरोबर सिडनी पॉटिए आणि मायकेल केन होते. म्हणजे पाय रोवले गेले होते, पण नाव झालं नव्हतं.

आता थोडा वेळ पर्सिसला इथंच सोडून आपण अमेरिकेत जाऊ. कारण तिच्या आयुष्याची गाठ ज्या गोष्टीशी पडणार होती, ती तिकडं दहा वर्षांपासून शिजत होती.

जीन रॉडनबेरी हा पूर्वीचा वैमानिक, मग लॉस एंजेलिसचा पोलीस, आणि शेवटी टीव्हीचा लेखक. त्यानं रचलेली 'स्टार ट्रेक' ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. तेविसाव्या शतकातलं एंटरप्राइझ नावाचं अंतराळयान, त्यावर वेगवेगळ्या देशांची माणसं आणि एक परग्रहावरचा अधिकारी. शीतयुद्ध ऐन भरात असताना त्या यानावर रशियन होता, जपानी होता, आणि आफ्रिकी वंशाची स्त्री अधिकारी होती. बघणारे थोडे होते, पण जे होते ते वेडे होते. दुसऱ्या वर्षी मालिका बंद होणार अशी हवा उठली, तेव्हा बिजो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या जोडप्यानं पत्रमोहीम काढली. एनबीसीकडे लाखाच्या वर पत्रं गेली. कॅलिफोर्नियातल्या तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी वाहिनीच्या कार्यालयावर मोर्चा नेला. या मोहिमेला रॉडनबेरीची आतून फूस होती, ही गोष्ट पुढं सगळ्यांना कळली. १ मार्च १९६८ ला वाहिनीनं पडद्यावरूनच जाहीर केलं की मालिका चालू राहील. चालू राहिली खरी, पण तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. ज्या तरुण पोरांना ती आवडायची ती त्या वेळी घरात कशाला थांबतील? १९६९ मध्ये ७९ भागांवर मालिका संपली.

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण अमेरिकेत एक पद्धत होती. बंद पडलेल्या मालिकेचे भाग गावोगावच्या छोट्या केंद्रांना विकायचे, आणि त्या केंद्रांनी ते संध्याकाळी पुन्हापुन्हा दाखवायचे. शाळा-कॉलेजातून पोरं घरी यायची त्याच वेळेला 'स्टार ट्रेक' लागायला लागलं. मालिका चालू असताना जितके चाहते नव्हते तितके ती बंद पडल्यावर झाले. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांनी पहिला मोठा मेळावा भरवला. काही शे लोक येतील असा अंदाज होता, आले तीन हजारांच्या वर. मग असे मेळावे दरवर्षी आणि शहरोशहरी. १९७६ मध्ये तर चाहत्यांच्या पत्रांचा असा मारा झाला की अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचं ठरलेलं नाव बदलून एंटरप्राइझ ठेवलं गेलं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ते मान्य केलं. त्या शटलच्या अनावरणाला रॉडनबेरी आणि मालिकेतले नट हजर होते.

म्हणजे बघा, मालिका नव्हती, पण तिची वाट बघणं हीच एक संस्था झाली होती.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती, तेव्हा यमूचं पुढं काय होणार म्हणून मराठी घरांत पुढच्या अंकाकडे डोळे लागलेले असत. फरक एवढाच की हरिभाऊ लिहीत होते आणि अंक येत होता. इथं लिहिणारा तयार होता, वाचणारे तयार होते, फक्त अंक छापणारा तयार नव्हता.

तो तयार झाला १९७७ च्या उन्हाळ्यात. 'स्टार ट्रेक'चे हक्क पॅरामाउंट कंपनीकडे होते. अमेरिकेत त्या वेळी तीन मोठी टीव्ही जाळी होती, आणि पॅरामाउंटच्या मनात स्वतःचं चौथं काढायचं आलं. नव्या जाळ्याला असा एक कार्यक्रम हवा होता की ज्यासाठी लोक आपणहून धावत येतील. तो तर घरातच होता! जून १९७७ मध्ये घोषणा झाली. मालिकेचं नाव 'स्टार ट्रेक : फेज टू'. कर्क तोच, मॅकॉय तोच, यान तेच पण नव्यानं सजवलेलं. फक्त स्पॉकचं काम करणारा लेनर्ड निमॉय यायला तयार नव्हता. म्हणून काही नवी पात्रं रचली गेली. झॉन नावाचा एक तरुण व्हल्कन, डेकर नावाचा दुय्यम कप्तान, आणि यानाची दिशा सांभाळणारी इलिया.

इलिया होती डेल्टा नावाच्या ग्रहावरची. तिथल्या लोकांना दुसऱ्याच्या मनातलं जाणवतं आणि दुसऱ्याचं दुःख हलकं करता येतं. त्यांच्या नुसत्या असण्यानं माणसं खेचली जातात, म्हणून यानावर येताना इलियाला ब्रह्मचर्याची शपथ घ्यावी लागते. आणि मुख्य म्हणजे, डेल्टाच्या बायकांच्या डोक्यावर एकही केस नसतो.

ही भूमिका मिळाली पर्सिस खंबाटाला.

ती त्या वेळी अमेरिकेत काम शोधत होती. चाचणीच्या वेळी डोक्यावर रबरी टोपी चढवून तिला टकलू दाखवलं होतं, आणि त्यातही ती सुंदर दिसली. १९७७ च्या शरदात निवड पक्की झाली. तिच्यासाठी या निवडीचा अर्थ काय होता ते नीट समजून घ्यायला हवं. सिनेमात एखादी भूमिका म्हणजे तीन-चार महिन्यांचं काम. मालिकेत नेहमीचं पात्र म्हणजे वर्षानुवर्षांचं काम, दर आठवड्याला लाखो घरांत चेहरा, आणि परदेशातून आलेल्या नटीला सगळ्यात जास्त हवी असते ती स्थिरता. आणि तीही कसल्या भूमिकेत? त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर भारतीय स्त्री कुठं असायची? इलिया यानाची वाट ठरवणारी अधिकारी होती. तिचा देश कुठला, कातडीचा रंग कुठला, हे तिथं कुणी विचारणारच नव्हतं.

चाहते तर देव पाण्यात घालून बसले होते. तेरा कथा लिहायला दिल्या गेल्या होत्या. पॅरामाउंटच्या स्टुडिओत यानाचे सेट उभे राहत होते, कपडे शिवले जात होते, कॅमेऱ्याच्या चाचण्या होत होत्या. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मालिका झळकणार होती.

आणि नेमकं तेव्हा सगळं फिरलं. नव्या जाळ्याला पुरेसे जाहिरातदार मिळेनात. जाळंच नाही तर मालिका दाखवायची कुठं? दुसरीकडं, त्याच वर्षी मे महिन्यात 'स्टार वॉर्स' आला होता आणि अंतराळाच्या कथेला तिकीटबारीवर किती पैसा आहे ते जगाला दिसलं होतं. नोव्हेंबर १९७७ मध्ये पॅरामाउंटच्या वरिष्ठांनी ठरवलं की मालिकेच्या पहिल्या भागासाठी लिहिलेली कथा मोठ्या पडद्यावर न्यायची. मालिका बंद. मार्च १९७८ मध्ये पत्रकार परिषदेत चित्रपटाची रीतसर घोषणा झाली. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, निमॉयही परत आलेला. स्पॉक परत आल्यावर झॉनची गरज उरली नाही, आणि ज्या तरुण नटानं त्या भूमिकेसाठी महिनोन् महिने तयारी केली होती त्याच्या वाट्याला चित्रपटात एक छोटंसं काम आलं. पर्सिस नशीबवान म्हणायची. इलिया राहिली.

राहिली, पण कशी? मालिकेत इलिया आठवड्यामागून आठवडे जगणार होती. चित्रपटाच्या कथेत मात्र तिला एक प्रचंड परकी शक्ती उचलून नेते आणि तिच्या जागी तिच्याच रूपाचं यंत्र यानावर पाठवते. शेवटी डेकर आणि ती त्या शक्तीत विलीन होऊन नाहीशी होतात. म्हणजे पुढच्या भागात इलिया येण्याचा प्रश्नच नाही. वर्षांची भूमिका दोन-सव्वादोन तासांत आटोपली.

आणि त्या दोन तासांसाठी रबरी टोपी चालणार नव्हती. मोठ्या पडद्यावर टोपीची कड दिसते. डोकं खरोखर भादरायला हवं होतं.

मराठी वाचकाला इथं थांबल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. बाईचं डोकं भादरणं याला आपल्या भाषेत एक जुना, काळा अर्थ आहे. हरिभाऊंच्या यमूचं केशवपन ज्यानं वाचलंय त्याला तो अर्थ समजावून सांगायला नको. समाजानं बाईचं रूप काढून घ्यायचं, तिला जगण्याच्या बाहेर बसवायचं, त्याची ती खूण. आपल्याकडच्या सुधारकांच्या कितीतरी पिढ्या त्याविरुद्ध भांडल्या. पर्सिस पारशी होती, ही रूढी तिच्या घरातली नव्हती. पण जिथं लांब केस म्हणजेच सौंदर्य असं धरलं जातं त्या देशात ती वाढली होती, आणि मिस इंडिया होऊन, साबण आणि साड्या विकून तिनं आपलं घर चालवलं होतं. रूप हेच तिचं भांडवल. ते भांडवल तिनं स्वतः होऊन, एका कामासाठी, खुर्चीत बसून उतरवू दिलं. रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स यांनी कात्री चालवली तेव्हा ती रडली. केस पुन्हा पहिल्यासारखे येतील की नाही याची तिला धास्ती होती, इतकी की तिनं केसांचा विमा उतरवण्याची मागणी केली होती. कापलेले केस तिनं एका पेटीत जपून ठेवले.

या कृतीला धाडस म्हणायचं की नाइलाज? मला वाटतं दोन्ही. तिच्याकडं नाही म्हणण्याची सोय फारशी नव्हती. पण ज्या देशात बाईचे केस दुसऱ्यांनी काढायचे असतात तिथली एक मुलगी ते स्वतःच्या निर्णयानं काढते आणि जगभरच्या पडद्यांवर तशीच, न लाजता, सुंदर म्हणून उभी राहते, यात काहीतरी उलटं फिरलं एवढं नक्की.

चित्रीकरण ऑगस्ट १९७८ मध्ये सुरू झालं आणि लांबत गेलं. खर्च चव्वेचाळीस दशलक्ष डॉलरपर्यंत पोचला, त्या काळच्या मानानं अचाट. 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' ७ डिसेंबर १९७९ ला प्रदर्शित झाला. दहा वर्षं थांबलेले चाहते रांगा लावून आले आणि बऱ्याच जणांचा हिरमोड झाला. चित्रपट फार संथ, माणसांपेक्षा यानच जास्त वेळ दिसतं, अशी तक्रार होती. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली त्याला स्वतःसारखं असणं अवघडच असतं. प्रत्येकानं मनात आपापली मालिका तयार केलेली असते, आणि पडद्यावर येते ती कुणाचीच नसते. तरी पैसा मिळाला, आणि चित्रपटांची रांग पुढं चालू राहिली. पर्सिसची मात्र वाहवा झाली. विज्ञानपटांसाठी दिल्या जाणाऱ्या सॅटर्न पुरस्कारासाठी तिचं नामांकन झालं. १९८० च्या ऑस्कर सोहळ्यात ती पुरस्कार द्यायला मंचावर उभी राहिली. हा मान मिळालेली पहिली भारतीय म्हणून आजही तिचं नाव घेतलं जातं.

आता सगळं सुरळीत होईल असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटच. १९८० मध्येच जर्मनीत तिच्या मोटारीला भीषण अपघात झाला आणि डोक्यावर मोठी जखम राहिली. १९८१ मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोनबरोबर 'नाइटहॉक्स' आला, १९८२ मध्ये 'मेगाफोर्स'. दुसरा साफ आपटला. १९८३ मध्ये, पस्तिशीच्या आतबाहेर, तिच्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. हॉलिवूडमध्ये परदेशी चेहऱ्याच्या नटीला एक तर गूढ परी व्हायचं किंवा हेराची मैत्रीण, आणि दोन्हीसाठी तब्येत लागते. १९८५ मध्ये ती मुंबईला परत आली. पुढच्या वर्षी छोट्या पडद्यासाठी 'शिंगोरा' ही हिंदी निर्मिती केली. पण इथंही जागा तशी भरलेलीच होती. हिंदी सिनेमा तिला सोडून पंधरा वर्षं पुढं गेला होता.

आता आपल्या भागाकडे या. आमचं धामनोद धार जिल्ह्यातलं. विंध्याचा घाट उतरून निमाडात आलं की आग्रा-मुंबई रस्त्यावर लागतं ते धामनोद, आणि थोडं पुढं खलघाटला नर्मदा. मुंबई हे या रस्त्याच्या टोकाचं गाव, नेहमी पाट्यांवर दिसणारं आणि क्वचित पाहिलेलं. धार, देवास, इंदूर इथल्या मराठी घरांत अंतराळ आलं ते आधी पुस्तकांतून. इंदूरला जन्मलेल्या भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि इथल्या मुलांनी चंद्रापर्यंतचा प्रवास मायबोलीतून केला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शननं जुनं 'स्टार ट्रेक' रविवारी दाखवायला सुरुवात केली. घरोघरी टीव्ही नव्हताच. ज्यांच्याकडे असे त्यांच्या ओसरीवर आळीतली पोरं जमायची, आणि चित्र हललं की कुणीतरी गच्चीवर जाऊन ॲन्टेना फिरवायचा. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, पण यान कळायचं. या पोरांमधल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची, मुंबईची एक मुलगी त्या यानाच्या खुर्चीत बसून आली आहे, आणि आता पुन्हा मुंबईत राहते आहे.

आणि इथं या गोष्टीतली सगळ्यात बोचरी जागा येते. १९८६ मध्ये पॅरामाउंटनं पुन्हा एक नवी 'स्टार ट्रेक' मालिका जाहीर केली. पुन्हा चाहत्यांची तीच घालमेल. या वेळी तर भांडणंही, कारण कर्क-स्पॉक नसलेलं 'स्टार ट्रेक' अनेकांना पाप वाटत होतं. २८ सप्टेंबर १९८७ च्या आठवड्यात 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली आणि सात वर्षं चालली. त्यात रायकर नावाचा दुय्यम अधिकारी आहे आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारी ट्रॉय नावाची स्त्री अधिकारी आहे. दोघांचं जुनं प्रेम आहे, जे आता यानावर गप्प ठेवायचं आहे. ओळख पटली ना? हे डेकर आणि इलियाच. फेज टू साठी घडवलेली ती जोडी रॉडनबेरीनं नाव बदलून परत आणली होती. एवढंच नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत लेखकांचा संप झाला, नव्या कथा मिळेनात, तेव्हा निर्मात्यांनी फेज टू ची जुनी बाडं उघडली. 'द चाइल्ड' नावाची कथा इलियासाठी लिहिली होती. ती थोडी बदलून ट्रॉयला दिली आणि मालिकेच्या दुसऱ्या वर्षाचा पहिला भाग म्हणून दाखवली.

म्हणजे जी मालिका आलीच नाही ती अखेर आली. कथा आली, पात्र आलं, यान आलं. खुर्चीत मात्र दुसरीच बाई होती. ट्रॉयचं काम मरीना सर्टिस या नटीनं केलं आणि छानच केलं, तिचा यात काही दोष नाही. पण दहा वर्षांपूर्वी एका कंपनीचा जाहिरातीचा हिशेब जमला असता तर ते भाग पर्सिसच्या नावावर असते. ती एका चित्रपटातली टकलू सुंदरी म्हणून नाही, तर एका मालिकेचा आधारखांब म्हणून ओळखली गेली असती.

जर-तरच्या गोष्टींना अर्थ नसतो म्हणतात. विज्ञानकथा वाचणाऱ्यांना ते पटायचं नाही. अख्खी विज्ञानकथा जर-तरवरच तर उभी आहे.

१९९३ मध्ये सुपरमॅनवरच्या 'लोइस अँड क्लार्क' या अमेरिकन मालिकेच्या पहिल्याच भागात ती एका छोट्या भूमिकेत दिसली. पडद्यावरचं तिचं ते शेवटचं काम. योगायोग असा की हीसुद्धा लोक वाट बघत असलेली एक नवी कल्पनारम्य मालिका होती, आणि याही वेळी तिच्या वाट्याला फक्त सुरुवात आली.

शेवटच्या वर्षांत तिनं एक वेगळं काम हातात घेतलं. मिस इंडिया झालेल्या मुलींवर 'प्राइड ऑफ इंडिया' हे मोठं सचित्र पुस्तक तिनं तयार केलं. ते १९९७ मध्ये आलं. पुस्तक तिनं मदर तेरेसांना अर्पण केलं आणि मानधनाचा काही भाग त्यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीला दिला. मला हे काम तिच्या चित्रपटांइतकंच महत्त्वाचं वाटतं. ज्या स्पर्धेतून ती आली, त्या स्पर्धेतल्या मुली वर्षभर सगळ्यांच्या तोंडी असतात आणि पुढच्या वर्षी नवी आली की विसरल्या जातात. हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांची नावं एका जागी, क्रमानं, फोटोसकट राहावीत याची तजवीज तिनं केली. दुसरं कुणी आपल्याला जपून ठेवेल याची वाट बघत ती बसली नाही.

१८ ऑगस्ट १९९८ ला मुंबईत हृदयविकारानं ती गेली. छातीत दुखतंय म्हणून तिला दक्षिण मुंबईतल्या रुग्णालयात नेलं होतं. पन्नाशीला दीड महिना बाकी होता.

तिच्या आयुष्याची बेरीज मांडायला बसलं तर हाताशी काय येतं? एक किताब, थोडे चित्रपट, एक मोठी भूमिका, एक पुस्तक. आकडा लहान आहे. पण चाहत्यांचा हिशेब वेगळा असतो. ज्यांना पहिल्या चित्रपटाचा राग आला होता त्यांनीही इलियाला कधी टाकून दिलं नाही. मेळाव्यांत तिचे फोटो विकले गेले. फेज टू च्या न झालेल्या भागांवर पुस्तकं लिहिली गेली, आणि चाचणीच्या चित्रफितीतले तिचे काही क्षण आजही लोक शोधून बघतात. पत्रं लिहून शटलचं नाव बदलणारी ही माणसं. एकदा आपलं मानलं की त्यांची पकड सहसा सुटत नाही.

आज आपण सगळेच कशाची ना कशाची वाट बघत असतो. कुठल्यातरी मालिकेचा पुढचा हंगाम, कुठल्यातरी कादंबरीवरची नवी मालिका. चाहत्यांच्या वाट बघण्यात ताकद आहे हे 'स्टार ट्रेक'च्या इतिहासानं दाखवून दिलं. त्या ताकदीनं मेलेली मालिका जिवंत झाली. पण ती ताकद कुणाला वाचवेल आणि कुणाला वाटेत सोडून देईल हे चाहत्यांच्या हातात नसतं. ते ठरतं जाहिरातींच्या आकड्यांवर, वाहिनीच्या सोयीवर, दुसऱ्या कुणाच्या तरी चित्रपटाच्या तिकीटबारीवर. म्हणून पुढच्या वेळी एखादी जाहीर झालेली मालिका रद्द झाल्याची बातमी वाचली, की आपल्या हिरमोडाबरोबर आणखी एक गोष्ट करता येईल. ती मालिका करायला कोण कोण जमलं होतं त्यांची नावं वाचायची. त्या यादीत कुणीतरी असेलच, जिनं त्या कामासाठी आपले केस पेटीत ठेवले असतील.